सवलतीचे दिवे आणि दुरून चालणारा खटका

तांदूळ घेतांना तो तळहातावर पसरून पाहावा, दाणा दातांखालीं धरून जुना कीं नवा तें ओळखावें, लुगडें घेतांना पदर उजेडाकडे धरून त्याचा पोत पाहावा, अशी आपल्या घरांतून चाल आहे. ज्या उजेडांत ही सारी पारख होते, त्या उजेडाची पारख मात्र आपण क्वचितच करतों. दिवा गेला म्हणजे घरांतील एखाद्या मुलास कोपऱ्यावरील दुकानांत पाठविण्यांत येतें, दुकानदार देईल तो दिवा घरीं येतो, आणि तो लागला म्हणजे झालें, असें आपण समजतों.

अलीकडे या व्यवहारांत दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास दुकानांतून व ऑनलाइन बाजारांतून दिव्यांवर मोठमोठ्या सवलती जाहीर होतात. आणि खुर्चीवर बसल्या बसल्या दिवा लावणारे रिमोटचे खटके आतां मध्यम स्थितींतील कुटुंबांच्याही आवांक्यांत आले आहेत. घरांतील एखादा पुतण्या किंवा महाविद्यालयांत जाणारी मुलगी टेस्टर व पेचकस घेऊन खटक्यांच्या पाटीपुढें उभी राहिलेली दिसली, तर आम्हांस तिचें कौतुकच वाटेल. हातानें काम करण्याचा संकोच आपल्या वर्गांतून जितक्या लवकर नाहींसा होईल तितकें बरें. परंतु सवलतीचा मोह आणि हाताचा उत्साह या दोहोंस माहितीचा लगाम हवा. म्हणून या महिन्याच्या गृहव्यवस्थेच्या पानांत आम्हीं हा विषय घेतला आहे.

आधीं घराची फेरी

स्वस्त काय मिळतें हें पाहून मग तें कोठें लावावें याचा विचार करणें, हा उलटा क्रम होय. आधीं जागा, मग वस्तु आणि शेवटीं किंमत, असा क्रम ठेविला तर निम्मी अनावश्यक खरेदी आपोआप टळते. यासाठीं एका संध्याकाळीं दिवेलागणीनंतर कागद-पेन्सिल घेऊन घराची एक फेरी करावी, व प्रत्येक माणसास एकच प्रश्न विचारावा: तुला कोठें नीट दिसत नाहीं?

उत्तरें ऐकून पुष्कळ घरांतील कर्त्या माणसांस आश्चर्य वाटेल. दिवाणखान्यांत पाहुण्यांसाठीं पांच-सहा दिवे असतात. परंतु स्वयंपाकघरांत छताच्या मध्यभागीं किंवा मागील भिंतीवर एकच नळी असते. ओट्यापाशीं उभ्या राहणाऱ्या सुनेच्या पाठीमागें तो उजेड पडतो, आणि तिचीच सावली तिच्या विळीवर, तव्यावर व डाळीच्या ताटावर येते. दिवा कमी शक्तीचा असतो असें नाहीं. तो चुकीच्या जागीं असतो. दिव्यांची खरेदी करणारे हात बहुधा पुरुषांचे असतात आणि ओट्यावरील अंधार पाहणारे डोळे बायकांचे असतात, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षें तशीच राहते. डाळींतील खडा दिसला नाहीं म्हणजे दोष मात्र सुनेच्या डोळ्यांस दिला जातो!

दुसरी जागा म्हणजे म्हाताऱ्या माणसांची रात्रीची वाट. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंतचें आठ-दहा पावलांचें अंतर, मध्यें एक उंबरठा, कदाचित् एक पायरी, आणि खटका दाराच्या पलीकडे. वय वाढतें तशी डोळ्याची बाहुली लहान होते व आंतील भिंग पिवळसर होत जातें. त्यामुळें साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या माणसाच्या तुलनेनें सुमारें एक तृतीयांश प्रकाशच पोंचतो. तरुण मुलास जो उजेड पुरेसा वाटतो, तो आजोबांस अंधुक वाटतो यांत आजोबांचा हेका नाहीं. उतारवयांत पडून खुब्याचें हाड मोडलें, तर तें एका माणसाचें दुखणें राहत नाहीं. साऱ्या घराची घडी विसकटते, आणि कित्येकदां तें माणूस पुन्हां स्वतःच्या पायांनीं अंगणापर्यंत जात नाहीं. सवलतीचा पहिला रुपया या दोन जागांवर, म्हणजे ओट्यावर आणि रात्रीच्या वाटेवर, खर्च व्हावा असें आमचें स्पष्ट मत आहे. अभ्यासाचें टेबल, आजीची पोथी वाचण्याची जागा आणि जिना यांचा क्रम त्यानंतर. दिवाणखान्याचें झुंबर सर्वांत शेवटीं.

उजेडाचें माप

दिवा वॅटवर विकत घेण्याची जुनी संवय आतां सोडली पाहिजे. वॅट हें दिवा किती वीज खातो याचें माप आहे. तो किती उजेड देतो याचें माप ल्युमेन होय. जुन्या तारेच्या ६० वॅटच्या दिव्यापासून सुमारें ७०० ते ८०० ल्युमेन उजेड मिळे. आजचा ९ वॅटचा चांगला एल.ई.डी. दिवा तेवढा किंवा त्याहून थोडा अधिक उजेड देतो. रोज पांच तास जळणारा ६० वॅटचा दिवा वर्षास सुमारें ११० युनिट वीज खाईल, तर ९ वॅटचा दिवा सुमारें १६ युनिट. युनिटास ८ रुपये धरिले, तर एका दिव्यामागें वर्षाची बचत सुमारें ७४५ रुपये होते. ज्या घरांत अजून माळ्यावर, कोठीच्या खोलीत किंवा गोठ्यांत तारेचे दिवे असतील, त्यांनीं सवलतीची वाट पाहत बसूं नये. उशिराचा प्रत्येक महिना सवलतीहून महाग पडतो.

सवलतीचें दुसरें गणितही असेंच पाहण्यासारखें आहे. समजा, एका दुकानांत ९ वॅटचा दिवा ७० रुपयांस आहे व त्याच्या खोक्यावर ७२० ल्युमेन लिहिलें आहे. दुसरा ९ वॅटचाच दिवा ९० रुपयांस असून त्याच्यावर ९०० ल्युमेन आहे. दिवाणखान्यास एकंदर ३६०० ल्युमेन हवे असतील तर स्वस्तांतले पांच दिवे लागतील व चांगले चार पुरतील. खर्च अनुक्रमें ३५० व ३६० रुपये. दहा रुपये वांचले खरे. परंतु तो जास्तीचा पांचवा दिवा वर्षाला सुमारें १३० रुपयांची वीज खाईल, म्हणजे वांचलेले दहा रुपये पहिल्या महिन्यांतच गेले. म्हणून खोक्यावरील ल्युमेनचा आंकडा वॅटच्या आंकड्यानें भागून पाहावा. जितका भागाकार मोठा, तितका दिवा काटकसरी. ज्या खोक्यावर ल्युमेनच लिहिलेले नाहींत, तो दिवा कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा.

याशिवाय दोन मापें ध्यानांत ठेवावीं. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्यें मोजतात: २७०० ते ३००० म्हणजे समईसारखा पिवळसर, ४००० म्हणजे मधला, आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. निजण्याच्या खोलींत व देवघरांत पहिला, ओट्यावर व अभ्यासाच्या टेबलावर दुसरा, हें सामान्यतः सुखावह होतें. सवलतीच्या ढिगांत बहुधा ६५०० चेच दिवे फार असतात. ते घेऊन साऱ्या घरास दवाखान्याची कळा आणूं नये. दुसरें माप रंगाच्या खरेपणाचें, ज्यास सी.आर.आय. म्हणतात. हा आंकडा ८० च्या खालीं नसावा. स्वयंपाकघरांत ९० असल्यास भाजीचा ताजेपणा व फोडणीचा रंग बरोबर कळतो.

आणखी एक गोष्ट फुकट मिळणारी आहे. लहान दिव्याचें अंतर निम्मे केलें तर त्याच्या समोरील जागेवर चौपट प्रकाश पडतो. म्हणून छतावरील दिवा बदलून मोठा करण्यापेक्षां ओट्यावरील फळीच्या खालच्या पुढील कडेस लहानशी एल.ई.डी. पट्टी लावणें, हें स्वस्त व परिणामकारक होय. अशा पट्ट्या बहुधा १२ व्होल्टवर चालतात व पांच मीटरच्या गुंडाळीनें मिळतात. एका प्रचलित जातीच्या पट्टीस मीटरमागें १४.४ वॅट लागतात, म्हणजे पुऱ्या गुंडाळीस ७२ वॅट. तिच्यासाठीं ७२ वॅटचाच अडॅप्टर घेतला तर तो सदैव तापलेला राहील. ९० ते १०० वॅटचा घ्यावा. ओट्यास दोन मीटरच पट्टी पुरत असेल तर ती खुणेच्या जागीं कापतां येते व ४० वॅटचा अडॅप्टर पुरतो. सवलतींत पट्टी स्वस्त असते, आणि अडॅप्टर हलका माथीं मारण्यांत येतो; तिकडे विशेष लक्ष असावें.

सूट खरी कीं खोटी

सवलत कशावर मिळते हें आधीं पाहावें. २०११ सालच्या वेष्टित मालाच्या नियमांप्रमाणें खोक्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तयार झाल्याचा महिना व वर्ष, आणि तयार करणाऱ्याचें किंवा आयात करणाऱ्याचें नांव-पत्ता छापणें बंधनकारक आहे. परंतु कमाल किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. विजेच्या सामानांत, विशेषतः खटक्यांच्या व पाट्यांच्या बाबतींत, छापील किंमतीवर कांहीं टक्के कमी करून विकणें हा नित्याचाच रिवाज आहे. तेव्हां ‘चाळीस टक्के सूट’ ही पाटी वाचून हुरळून न जातां शेजारच्या दोन दुकानांत व ऑनलाइन बाजारांत त्याच वस्तूचा प्रत्यक्ष विक्रीचा भाव विचारावा. सणाच्या एक महिना आधीं हव्या त्या वस्तूंची यादी करून त्यांचे भाव वहींत टिपून ठेविले, म्हणजे सणाच्या दिवशीं सूट खरी कीं खोटी हें दोन मिनिटांत कळतें.

खऱ्या सवलतीचीं ठिकाणें तीन. पहिलें म्हणजे घाऊक बाजार. मुंबईंत क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ विजेच्या सामानासाठीं व ग्रँट रोडकडील लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक भागांसाठीं प्रसिद्ध आहे. पुण्यांत बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या आसपास असें सामान मिळतें. दिल्लींत राहणाऱ्या आमच्या वाचकांस चांदणी चौकांतील भगीरथ पॅलेस ठाऊक असेलच. येथें एक दिवा घेणाऱ्यापेक्षां खोकें घेणाऱ्याचें स्वागत अधिक होतें. म्हणून एकाच वाड्यांतील किंवा सोसायटींतील चार बिऱ्हाडांनीं मिळून यादी करावी. एकत्र खरेदीनें भाव किती उतरतो याचें मोठें उदाहरण सरकारनेंच घालून दिलें आहे. ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या उजाला योजनेंत एल.ई.डी. दिव्यांची प्रचंड प्रमाणावर एकत्रित खरेदी झाली; जो दिवा २०१४ च्या आरंभीं सरकारी खरेदींत सुमारें ३१० रुपयांस पडत होता, तोच २०१६ सालीं ३८ रुपयांपर्यंत उतरला. जें देशानें केलें तें आळींतल्या चार घरांनीं लहान प्रमाणांत करण्यास हरकत नाहीं.

दुसरें ठिकाण म्हणजे दुकानांत मांडून ठेविलेले नमुन्याचे दिवे आणि बंद झालेल्या नमुन्यांचा शिल्लक माल. शोभेचे दिवे, भिंतीचे दिवे, कांचेचीं छत्रें यांत येथें मोठी सूट मिळूं शकते. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात: होल्डर आपल्याकडील दोन पिनांचा आहे कीं आट्यांचा, आंतील दिवा बदलतां येतो कीं नाहीं, आणि हमीची मुदत खरेदीच्या तारखेपासून आहे कीं तयार झाल्याच्या तारखेपासून. ज्या दिव्यांत एल.ई.डी. कायमचीच बसविलेली असते, तो बंद पडला म्हणजे सबंध दिवाच टाकावा लागतो. अशा वस्तूवरील सूट ही हमीच्या मुदतीइतकीच खरी.

तिसरें ठिकाण जुन्या मालाचें. मुंबईचा चोर बाजार व पुण्याचा जुना बाजार येथें पितळी दांड्या, कांचेचे गोल आणि जुन्या वाड्यांतून निघालेले भिंतीचे दिवे दृष्टीस पडतात. कुशल हातांस हा मोठाच आनंद आहे. परंतु तेथून घ्यावयाची ती पितळ व कांच. तार आणि होल्डर कदापि नव्हे. जुनी तार काढून टाकून नवी, आय.एस.आय. चिन्हाची तार ओंवावी, नवा होल्डर बसवावा, आणि दिवा धातूचा असल्यामुळें त्यास अर्थिंगची तिसरी तार अवश्य जोडून घ्यावी.

चिन्हांविषयीं थोडें. एल.ई.डी. दिव्यावर भारतीय मानक ब्यूरोचें नोंदणी-चिन्ह व ‘आर’ या अक्षरानें आरंभ होणारा क्रमांक असतो, ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाईलवरील ॲपमध्यें तो क्रमांक घालून खरा कीं खोटा पाहतां येतो. खटके व प्लगची जागा यांवर आय.एस.आय. चिन्ह असावें. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ताऱ्यांची चिठीही पाहावी. ज्या मालावर यांपैकीं कांहींच नाहीं, तो फुकट मिळाला तरी घरांत आणूं नये. तो फुकट नसून त्याची किंमत पुढें केव्हां तरी वसूल होते.

दुरून चालणारा खटका

आतां रिमोटकडे वळूं. याच्या मुख्य जाती चार. पहिली टी.व्ही.च्या रिमोटसारखी अदृश्य किरणांनीं चालणारी. तिला समोरासमोर असावें लागतें, भिंतीपलीकडे ती चालत नाहीं. दुसरी रेडिओ-लहरींनीं चालणारी. ती भिंतीपलीकडूनही चालते आणि घरगुती कामास बहुधा हीच पुरेशी होते. तिसरी वाय-फायवर चालणारी. तिनें परगांवाहूनही दिवा लावतां येतो, परंतु ती बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्याच वाय-फायवर चालते, आणि कंपनीचा संगणक दूर कोठें तरी चालू आहे तोंपर्यंतच तिचे सारे गुण टिकतात. कंपनीनें तो व्यवसाय सोडला कीं खटका मुका होण्याचा संभव असतो. बंद पडत चाललेल्या नमुन्यांवर मोठी सूट मिळण्याचें एक कारण हेंही असूं शकतें. चौथी जात बॅटरीशिवाय चालणारी. बटण दाबण्याच्या जोरानें आंतील चुंबक हलून क्षणभर वीज निर्माण होते व तेवढ्यावर संदेश जातो. हें बटण भिंतीस नुसतें चिकटवितां येतें, भिंत फोडावी लागत नाहीं. त्यामुळें भाड्याच्या घरांत व जुन्या दगडी वाड्यांत तें फार सोयीचें.

खरेदीपूर्वीं चार प्रश्न विचारावे. पहिला, न्यूट्रल तार लागते काय? पुष्कळशा दूरच्या खटक्यांस ती लागते. आपल्याकडे ज्या पाटीवर प्लगची जागा आहे तेथें न्यूट्रल आलेली असतेच. परंतु बिछान्याजवळील एकट्या खटक्यांत ती बहुधा नसते. न्यूट्रलशिवाय चालणारा खटका आपल्यापुरती वीज दिव्यांतूनच ओढतो, आणि त्यामुळें लहान एल.ई.डी. दिवा बंद असतांही मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. दुसरा प्रश्न, वीज जाऊन आली म्हणजे काय होतें? कांहीं हलक्या खटक्यांचे दिवे वीज परत येतांच आपोआप लागतात. रात्रीं दोन वाजतां साऱ्या घराचे दिवे एकदम लागले म्हणजे तान्ह्या मुलाच्या आईस ती सवलत चांगलीच लक्षांत राहील. तिसरा, किती अँपियरचा? २००० वॅटचा गीझर सुमारें ८.७ अँपियर घेतो; त्यास १० अँपियरचा स्वस्त खटका लावणें म्हणजे मर्यादेच्या काठावर नांदणें होय, तेथें १६ अँपियरचाच पाहिजे. चौथा, स्वतःसाठीं तो किती वीज खातो? संदेशाची वाट पाहत असलेला खटका एक वॅट खात असेल, तर वर्षास ती पावणेनऊ युनिट होते. म्हणजे ज्या ९ वॅटच्या दिव्याची तो राखण करतो, त्या दिव्याच्या खर्चाच्या निम्म्याहून अधिक! आठ खटक्यांचीं वर्षास ७० युनिटें झालीं. तेव्हां प्रत्येक दिव्यास रिमोट, ही चैन वीज वांचविण्याच्या नांवाखालीं कोणीं करूं नये.

आमच्या मतें घरांत रिमोटची खरी गरज एक-दोन जागींच असते. गुडघे धरलेल्या आजीच्या खोलींतील दिवा व पंखा, अंथरुणास खिळलेल्या माणसाची खोली, किंवा जेथें खटका फार उंचावर अगर अवघड जागीं आहे तेथें. जिन्यासाठीं तर त्याची मुळींच जरुरी नाहीं. खालीं व वर असे दोन दुहेरी खटके लावून एकच दिवा दोन्हीकडून चालविण्याची जुनी युक्ति आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरंवशाची आहे. रात्रीच्या वाटेसाठींही रिमोट नको. कारण अंधारांत रिमोट शोधण्यास आधीं दिवा लावावा लागतो! तेथें माणसाच्या अंगाच्या उष्णतेची हालचाल ओळखून स्वतः लागणारा लहान पिवळसर दिवा, जमिनीपासून हातभर उंचीवर बसविलेला, हाच उत्तम. त्यानें उंबरठा दिसतो, डोळे दिपत नाहींत, आणि शेजारीं निजलेल्या माणसाची झोपही मोडत नाहीं.

कोणताही दूरचा खटका बसविला तरी भिंतीवरील हाताचा खटका चालू राहिलाच पाहिजे. घरांत पाहुणे येतात, मोलकरीण येते, ज्यांस मोबाईल चालवितां येत नाहीं अशीं माणसें राहतात. दिवा लावण्यासाठीं ज्या घरांत आजोबांस नातवाची वाट पाहावी लागते, त्या घरांत सोय वाढली नसून एका माणसाचें स्वातंत्र्य कमी झालें आहे.

आणि एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. पुष्कळ लहान रिमोटांत नाण्यासारखी चपटी, गोल बॅटरी असते. ती रांगत्या मुलाच्या तोंडांत जाऊन अन्ननलिकेंत अडकली तर दोन तासांतच तेथें खोल जखम होऊं लागते, आणि यांत मुलें दगावलीं आहेत. ज्या रिमोटचें बॅटरीचें झांकण मळसूत्रानें बंद होत नाहीं, तो लहान मुलांच्या घरांत कितीही सवलतींत घेऊं नये. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

आपलें काम आणि वायरमनचें काम

घरच्या हौशी माणसानें कोणतें काम करावें व कोणतें करूं नये, याची रेघ कायद्यानेंच आंखून ठेविली आहे. १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमापासून तत्त्व असें आहे कीं, २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, खटके वगैरे होते तसे बदलणें, कीं ज्यायोगें मूळ जोडणीची शक्ति किंवा स्वरूप बदलत नाहीं, एवढें काम परवान्यावांचून करतां येतें. नवी जोडणी, वाढ किंवा फेरबदल हें परवानाधारक ठेकेदाराचें काम होय. याचा सोपा अर्थ असा: दिवा बदलणें, प्लगमध्यें लावावयाचा रिमोटचा खटका वापरणें, १२ व्होल्टची पट्टी चिकटवून तयार अडॅप्टरला जोडणें, बॅटरीचा हालचालीचा दिवा बसविणें, हीं कामें घरच्या मुलामुलींनीं आनंदानें करावीं. पाटी उघडून आंत नवें यंत्र बसविणें, नवी तार ओढणें व न्हाणीघरांतील कोणतेंही काम वायरमनकडे सोंपवावें, व मुलांनीं शेजारीं उभें राहून तें शिकावें.

दिव्याचा होल्डर बदलतांना भिंतीवरील खटका बंद केला म्हणजे भागलें, असें समजूं नये. जुन्या जोडण्यांत कित्येकदां खटका चुकून न्यूट्रल तारेवर असतो. दिवा विझतो, परंतु होल्डर जिवंतच राहतो. म्हणून मुख्य खटका बंद करावा, टेस्टर आधीं चालू जागीं लावून तो चांगला आहे अशी खात्री करून घ्यावी, मग होल्डरला लावून पाहावा, आणि मुख्य खटक्यापाशीं घरांतील एक जबाबदार माणूस उभें करावें. तसेंच, मीटरजवळील एम.सी.बी. तारेचें रक्षण करते, माणसाचें नव्हे. माणसाचें रक्षण करणारें यंत्र म्हणजे ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. ज्या घरांत ती नाहीं, तेथें या वर्षींच्या सवलतीच्या सर्व खरेदींत तिचा क्रमांक झुंबराच्या आधीं आणि रिमोटच्याही आधीं असावा. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनीं तिच्यावरील परीक्षेचें बटण अधूनमधून दाबून ती पडते कीं नाहीं हें पाहावें.

काढून टाकलेले जुने सी.एफ.एल. दिवे फोडूं नयेत व केराच्या डब्यांतही टाकूं नयेत. त्यांत पारा असतो. ते खोक्यांत घालून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

तात्पर्य, दिव्यांची सवलत दुकानाच्या पाटीवर शोधूं नये; ती आपल्या यादींत शोधावी. जी वस्तु लागतच नव्हती ती निम्म्या किंमतींत आणली तर निम्मी किंमत वायां गेली; आणि जी वर्षापूर्वींच हवी होती ती पूर्ण किंमतीनें आज आणली तरी तो व्यवहार फायद्याचाच. आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं, या महिन्याच्या खरेदीची यादी करतांना पेन्सिल घरांतील सुनेच्या हातीं द्यावी, दुसरें नांव आजी-आजोबांच्या वाटेचें लिहावें, आणि उरलेल्या पैशांत ज्यास जी हौस असेल ती त्यानें करावी. पुढील अंकीं घरांतील पंखे आणि त्यांचा वीजखर्च यांविषयीं लिहूं.